शिंदेमामांचा मनीप्लांट

शिंदेमामांनी माझं नाव विचारायच्या आधी माझ्या कुंडीत बोट घातलं होतं. सोलापूरहून गुजरातेत बदली होऊन मी सुभानपुऱ्यात राहायला आले, त्याच आठवड्यातली ही गोष्ट. मरगळलेलं झाड उन्हात ठेवावं म्हणून मी खाली आणलं होतं. तळमजल्यावरचे हे उंच, वाकलेले गृहस्थ जवळ आले, मातीत बोट खुपसलं आणि म्हणाले, "बेन, तहान झाडाला नाही, तुम्हाला लागली आहे. रोज पाणी घालता ना?"

मी घालत होते. सकाळ-संध्याकाळ, तांब्या भरून.

मामा प्रतापनगरच्या रेल्वे कारखान्यात फिटर होते. पूर्वज इथल्या मराठा संस्थानाच्या फौजेतले, त्यामुळे मराठी घरातली आणि गुजराती रस्त्यावरची. त्यांनी ते झाड कुंडीतून उपडं केलं, मुळांचा वास घेतला आणि कुजलेली मुळं कात्रीने उडवली. नवी मोठी कुंडी आणते म्हटल्यावर मान हलवली. "आजाऱ्याला मोठा पलंग देऊन तो बरा होत नाही. लहान कुंडी, खाली भोक, खिडकीजवळचा उजेड. मग शांती राखो, धीर धरा." पानांवरची धूळ ओल्या फडक्याने पुसायला आणि दुखणाईत झाडाला खत न घालायला मी त्यांच्याकडूनच शिकले. माझं ते झाड दोन महिन्यांत उभं राहिलं.

मामांच्या घरात चाळीसेक कुंड्या होत्या. त्यांत एक मनीप्लांट त्यांच्या दिवंगत पत्नीने मधाच्या बाटलीत लावलेला. तो आता मोठ्या कुंडीतून भिंतभर पसरून दारापर्यंत आला होता.

एका एप्रिलमध्ये मामा न्हाणीघरात पडले, खुब्याचं हाड मोडलं. शस्त्रक्रियेनंतर मुलगा त्यांना छाणीला आपल्याकडे घेऊन गेला. पुन्हा एकटं राहता येईल याची डॉक्टरांना खात्री नव्हती. झाडं वाटून टाकून घर बंद करावं, असं मुलगा समजुतीने सांगत होता. मामांनी मला बोलावलं, किल्ली हातात दिली. "तिच्या वेलाला पानं आहेत तोवर ते घर बंद नाही," एवढंच बोलले.

मे महिन्यात वेलाची पानं खालून पिवळी पडू लागली. माझी झोप उडाली. घाबरून मी फोन केला आणि काय करू विचारलं.

"हात तुझा तिथे आहे, माझा नाही. तूच सांग," मामा म्हणाले.

मी माती चाचपली. ती ओली होती. घर दिवसभर बंद, पडदे ओढलेले, आणि काळजीपोटी मी पाणी वाढवलं होतं. पाणी थांबवते, पडदे काढते, सकाळी खिडक्या उघडते, असं मी सांगितलं.

"बराबर. आता फोन ठेव."

पंधरा दिवस काहीच झालं नाही. आणखी चार पानं गळली. मग एका सकाळी शेंड्याला गुंडाळलेलं, पोपटी, करंगळीएवढं पान दिसलं. मी फोटो पाठवला. मुलाने नंतर सांगितलं, की व्यायामाला रोज कुरकुरणाऱ्या मामांनी तो फोटो पाहून वॉकर मागवला आणि दारापर्यंत जाऊन आले.

ऑगस्टमध्ये मामा काठी टेकत स्वतःच्या पायांनी घरात शिरले. मुलगा मागे सामान घेऊन. एकेका कुंडीपाशी ते थांबत होते. एकही झाड गेलं नव्हतं. वेलापाशी बराच वेळ उभे राहिले, मग मुलाकडे वळून म्हणाले, "ते सामान आत ठेव." मुलाने वाद घातला नाही. माझ्याकडे बघून हसला आणि बॅग आतल्या खोलीत नेली.

मामा पुढे तीन वर्षं त्याच घरात राहिले, स्वतःचा चहा स्वतः करत. आता ते नाहीत. मला मात्र ते परतल्यानंतरचा एक रविवार आठवतो. सोसायटीतलं एक नवं जोडपं सुकलेलं झाड घेऊन त्यांच्या दारात आलं होतं. जिन्यात उभी राहून मी ऐकत होते.

मामा त्यांना म्हणाले, "मला कशाला विचारता? वरच्या मजल्यावर जा. ह्यातलं कळणारी बाई तिथे राहते."