छत्तीस डिग्री आणि एक कांदा

नागपूरच्या माणसाला ऊन लागत नाही.

हे वाक्य मी लग्नांत बोललोय, बारशांत बोललोय, आणि एकदा तर कोणाच्या तरी तेरवीलाही बोललोय. तुमच्याकडे समुद्र असेल, किल्ले असतील. आमच्याकडे ऊन आहे! मे महिन्यात पारा सत्तेचाळीसकडे निघाला की बाकीच्या महाराष्ट्राला घाम फुटतो आणि आम्हाला अभिमान. ओला दुपट्टा डोक्या-तोंडाला गुंडाळायचा, डोळे तेवढे उघडे ठेवायचे, खिशात एक कांदा टाकायचा (कांदा ऊन ओढून घेतो, कसं ते विचारायचं नाही, माझ्या आजोबांनीही विचारलं नव्हतं), आणि भर दुपारी आमच्या सक्करदऱ्याहून बर्डीच्या बाजारात स्कूटरवर जाऊन यायचं. काम काही नसलं तरी जायचं.

या अभिमानाला एकच काटा होता. माझे साडू, पुण्याचे श्रीकांतराव. माझी बायको पुष्पा, तिची धाकटी बहीण शोभा या गृहस्थांना दिली, तेव्हापासून ते दर एप्रिलला न चुकता फोन करून विचारतात, "काय मनोहरराव, आहात की वाळलात?" आणि स्वतःच हसतात. मीही हसतो. फोन ठेवल्यावर काय म्हणतो ते इथे लिहिण्यासारखं नाही.

तर गेल्या एप्रिलच्या सुरुवातीला आम्ही चौघं आखातात क्रूझवर गेलो. सीझनची शेवटची फेरी. कल्पना शोभाची, बुकिंग श्रीकांतरावांचं, आणि सक्करदऱ्यातला गाजावाजा माझा. दूधवाल्यापासून दातांच्या डॉक्टरापर्यंत सगळ्यांना मी सांगून ठेवलं होतं की आपण फॉरेनचं एक-एक शहर पायाखालून घालणार आहोत.

अशाच एका शहरात जहाज दिवसभर थांबणार होतं. नाव सांगत नाही, त्या बिचाऱ्या गावाने माझं काही वाकडं केलेलं नाही. माहितीपत्रकात किल्ला होता, खजुराची झाडं होती, हातावर ससाणा घेतलेला एक हसरा माणूस होता. सकाळी खिडकीचा पडदा सारला तर समोर चिमण्या, तेलाच्या टाक्या, क्रेन, पुन्हा चिमण्या.

"अजी," पुष्पा म्हणाली, "हे तं कोराडी आहे!" (कोराडी म्हणजे नागपूरजवळचं आमचं वीज केंद्र. धूर आणि राख दोन्ही मुबलक.)

"कोराडी नाई वं, फॉरेन आहे."

"मंग फॉरेनची कोराडी म्हणा. हे पाहाले विमानात बसून आलो काय आपण? ऑटोनं गेलो असतो घरून!"

नाश्त्याला श्रीकांतराव टोपी, गॉगल आणि पांढरं क्रीम लावून तयार. जहाजाची एसी बस शहर दाखवायला निघणार होती. "मनोहरराव, दोन जागा शिल्लक आहेत. सांगून ठेवू का? बाहेर फार ऊन आहे हो."

मी फोनमध्ये पाहिलं. छत्तीस डिग्री. छत्तीस! आमच्याकडे छत्तीसला माणूस म्हणतो, आज जरा बरं आहे!

"श्रीकांतराव," मी म्हटलं, आणि आवाज थोडा मोठाच लागला असावा, कारण आजूबाजूच्या टेबलांवरची मंडळी वळली. "छत्तीसले आम्ही ऊन नाई म्हणत. आम्ही पायी जातो. शहर पाहतो, तिथला चहा पितो, आणि तुमच्या आधी जहाजावर येतो."

"आणि नाही आलात तर?"

"तं उन्हाच्या बाबतीत यापुढे तुमी बोलाचं आन् मी आयकाचं. जन्मभर!"

"शोभा, तू साक्षीदार," श्रीकांतराव म्हणाले आणि शांतपणे पपई खाऊ लागले. पुष्पा टेबलाखालून माझ्या पायावर पाय देऊन राहिली होती, पण शब्द सुटला होता. चार वाजेपर्यंत जहाजावर परत यायचं होतं, नाहीतर ते आमच्याशिवाय सुटणार होतं. पासपोर्ट जहाजावर, कपडे जहाजावर, आणि लग्नाच्या तिसाव्या वर्षी माहेरच्या माणसांसमोर नवऱ्याने राखावी अशी पुष्पाची इज्जत माझ्या हातात. तिने तसं सांगितलंही. "जाऊन राहिलो तं मले धड परत आणा जी. शोभीसमोर माहं हसं नका करू."

तयारी मी रीतसर केली. जेवणघरातल्या पोराला खुणा करून पाच कच्चे कांदे मिळवले. दुपट्टा नळाखाली धरला, पिळला, गुंडाळला. पुष्पाने जहाजावरून मिळालेली छत्री घेतली. "छत्री?" मी म्हटलं. "नागपूरची होऊन छत्री?" तिने छत्री काखेत मारली. तीस वर्षांत तिने एवढं शहाणपण कमावलंय.

बंदराच्या फाटकावर पहिला अडथळा. तपासणीवाला हिंदी बोलणारा निघाला.

"जेब में क्या है?"

"कांदा... प्याज."

"प्याज?" त्याने एकेक करून चार कांदे टेबलावर मांडले. "खाने का सामान बाहर नहीं ले जा सकते."

"खाने का नहीं है. दवाई है."

"किस बीमारी की?"

"बीमारी नहीं है. न हो इसलिए है."

त्याने माझ्याकडे पाहिलं, पुष्पाकडे पाहिलं, तिने दुसरीकडे पाहिलं. चारही कांदे जप्त. पाचवा पुष्पाच्या पर्समध्ये रुमालात गुंडाळलेला होता, तो वाचला. मी मनात म्हटलं, एकही पुरेल.

फाटकाबाहेर आलो आणि शहर शोधू लागलो. शहर नव्हतंच! रस्ता होता, नागपूरच्या चार रस्त्यांएवढा रुंद. दोन्ही बाजूंना कुंपण, गोदामं, आणि अंगावर येणारे ट्रेलर. फुटपाथ नाही, झाड नाही, पानठेला नाही. ज्या मुलखात चहाची टपरी नाही तिथे माणसाने दिशा तरी कोणाला विचारायची?

तेवढ्यात लांब मला एक उंच मनोरा दिसला. टोकावर ज्वाला!

"पाहा," मी म्हटलं, "शहीद स्मारक. अखंड ज्योत. तिथंच असन मेन चौक."

"धूर निघून राहिला जी त्यातून."

"तेलाचा देश आहे वं. तूप थोडी जाळतीन!"

चालू लागलो. आणि इथे विज्ञानाने घात केला. नागपूरचं ऊन कोरडं. ओला दुपट्टा वाऱ्यावर वाळतो आणि डोकं गार राहतं. इथली हवा आधीच ओली! दुपट्टा वाळेना. उलट त्यातून कढत वाफ निघून माझ्याच नाकातोंडात जाऊ लागली. मी माझं डोकं स्वतःच्या हाताने कुकरमध्ये ठेवलं होतं, आणि अभिमानापायी झाकण काढायला तयार नव्हतो. पुष्पा छत्रीखाली पदराने वारा घेत चालली होती.

"सोडा ना जी तो दुपट्टा."

"काही नाई होत. छत्तीस तं आहे."

वाटेत एका ट्रेलरच्या सावलीत निळ्या कपड्यांतले कामगार डबा खात बसले होते. त्यांनीही माझ्यासारखंच तोंडाला फडकं गुंडाळलेलं. पण ते पोटासाठी त्या उन्हात आले होते, आणि मी पैज मारून! त्यांनी माझ्याकडे पाहिलं, आपसात काही बोलले आणि खो-खो हसले. हौसेने तिथे चालत आलेला माणूस त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिला असावा. मी आपला हात हलवला.

स्मारक जवळ येईना. आलं तेव्हा कळलं की भोवती तिहेरी कुंपण आहे, वर काटेरी तार आहे, आणि आत नुसते पाइपच पाइप. मेन चौक काही सापडला नाही. पण श्रीकांतरावांना दाखवायला पुरावा हवा!

"पुष्पे, माझा एक फोटो काढ. ज्योत आली पाहिजे. आन् ते पाइपही येऊ दे, भारी दिसून राहिले."

मी दुपट्टा नीट आवळला, डोळे तेवढे उघडे ठेवले, कमरेवर हात ठेवून उभा राहिलो. मग फोन घेऊन मीच कुंपणाचे, फाटकाचे, टाक्यांचे दोन-चार फोटो काढले. आता तुम्हीच सांगा राजेहो, परक्या देशात, तेलाच्या कारखान्यासमोर, तोंड बांधलेला माणूस टाक्यांचे फोटो काढतोय, तर बघणाऱ्याला काय वाटेल? मला तेव्हा काहीच वाटलं नाही. बर्डीवर सगळेच तसे दिसतात!

पांढरी गाडी एवढी जोरात येऊन थांबली की धूळ दुपट्ट्यात गेली. दोन धिप्पाड पहारेकरी उतरले. एकाने फोन घेतला, दुसऱ्याने बोटाने दुपट्टा काढायला सांगितलं. त्याला मोडकी हिंदी येत होती.

"फोटो क्यों? मुँह क्यों बंद?"

"धूप के लिए! हमारे यहाँ सब लोग ऐसाही करते."

"सब लोग?" त्याचे डोळे बारीक झाले. मी परिस्थिती सुधारत नव्हतो हे माझ्या लक्षात आलं. त्याने पुष्पाची पर्स उघडली. रुमालाची ती गोल गाठ दिसताच दोघंही एक पाऊल मागे सरले. पुष्पाने घाबरत गाठ सोडली. कांदा.

दोघांनी आधी कांद्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. वर ज्योत जळत होती.

"ये क्या?"

"प्याज. धूप का दवाई."

"तुमको धूप लगा?"

झालं! हा प्रश्न मला आजवर पुण्याच्या माणसानेही तोंडावर विचारला नव्हता. मी छाती पुढे काढली. "हमको? हमको धूप नहीं लगता! हम नागपूर का है!"

आणि धाडकन पडलो.

शुद्धीवर आलो तेव्हा पहारेकऱ्यांच्या गार खोलीत बाकावर होतो. पुष्पा माझ्या तोंडावर पाणी मारत रडत होती. "अजी, डोळे उघडा जी! तुमच्या पाया पडतो, तुमचं ऊन लय मोठं आहे, पण डोळे उघडा!" मी डोळे उघडले. तिने पदराने नाक पुसलं. मला खरंच फार वाईट वाटलं. मग ती म्हणाली, "उघडले ना? मंग आता कांदा हुंगा आन् उठा. जहाज चाललं!"

पण उठता येत नव्हतं, आणि जाताही येत नव्हतं. साहेब यायचे होते, आणि साहेब जेवायला गेले होते. (सरकारी नोकरीत मीही हेच केलं आहे, त्यामुळे तक्रार करायला तोंड नव्हतं.) साहेब आले तेव्हा तीन वाजून गेले होते. त्यांनी फोटो पाहिले, पुसले, कांदा उलटापालटा करून पाहिला, आणि माझी जहाजाची ओळखपट्टी वाचून हताशपणे डोकं हलवलं. हेर एवढे मूर्ख नसतात याची त्यांची खात्री पटली असावी.

आता चार वाजायच्या आत पोचवणार कसं? साहेबांनी बाहेर जाऊन रस्त्यावरून बंदराकडे चाललेली एक बस हात करून थांबवली. दोघा पहारेकऱ्यांनी मला काखेत धरून आणलं. दार उघडलं. आतून गार हवेचा झोत आला, आणि पहिल्याच सीटवर, टोपी मांडीवर ठेवून गार ताक पीत बसलेले श्रीकांतराव दिसले!

सगळी बस उठून उभी राहिली. दुपट्टा गळ्यात, कपाळाला ओला रुमाल, हातात पहारेकऱ्याने सन्मानाने परत दिलेला कांदा, असा मी दारात. शोभा "अगंबाई!" म्हणाली आणि तिने मोबाइल वर केला. मला वाटलं, श्रीकांतराव आता बोलणार. आता इतक्या वर्षांचं व्याज वसूल करणार. पण तो माणूस नुसता उठला, मला हात दिला आणि म्हणाला, "या. दोन जागा ठेवल्याच होत्या."

यापेक्षा त्यांनी चार शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

(त्या बसने शहरात काय पाहिलं म्हणता? किल्ल्यापाशी दहा मिनिटं, मॉलमध्ये तीन तास. प्रत्येकाच्या मांडीवर फ्रिजला चिकटवायचा एक उंट होता. पण ते बोलायची माझी स्थिती राहिली नव्हती.)

जहाजापाशी मला चाकाच्या खुर्चीत बसवून सगळ्यांच्या आधी वर नेलं. म्हणजे तसं पाहिलं तर मी श्रीकांतरावांच्या आधीच जहाजावर पोचलो. हा मुद्दा मी रात्री जेवताना मांडून पाहिला. पुष्पाने पुन्हा टेबलाखालून पाय दिला.

नागपूरला आल्यावर कोणाला सांगायचं नाही असं तिच्याकडून वचन घेतलं होतं. ते भिशीच्या पहिल्या बैठकीपर्यंत टिकलं. शिवाय शोभाचा फोटो होताच. आता मी संध्याकाळी पिशवी घेऊन निघालो तरी शेजारचे बोरकर गच्चीवरून ओरडतात, "भाऊ, काहून बाहेर निघून राहिले? तीस डिग्री आहे ना!" दूधवाला विचारतो, "तब्येत बरी आहे ना काका? खिडकीतून घेता काय दूध?" अख्ख्या सक्करदऱ्याने मिळून माझं नागपूरपण काढून घेतलं.

आणि यंदा एप्रिल उजाडला तसा श्रीकांतरावांचा फोन. वाटलं, तेच विचारणार. पण नाही. अगदी मायेने म्हणाले, "मनोहरराव, उन्हाळाभर आमच्याकडेच या. तुम्हाला नागपूर झेपायचं नाही."

हे मी पुण्यातून लिहितोय. मे महिना आहे, अंगावर चादर आहे. आत्ताच श्रीकांतराव दारात येऊन म्हणाले, "फिरायला जरा उशिरा निघू या का? बाहेर ऊन आहे."

मी म्हटलं, "हो हो, उगाच लागायचं."