मुखवट्याखालचा आवाज

नेदरलँड्समध्ये भुतं आणली ती आमच्या भूतकाकांनी. त्यांच्याआधी या देशात एकही भूत नव्हतं, हे मी खात्रीने सांगते. तुमच्या आजोबांचे हे आर्नहेमच्या ऑफिसातले सहकारी. लग्न केलं नाही, जवळचं कोणी इथे नाही. होता तो फक्त आवाज. खर्जातला, गोष्ट रंगली की विहिरीत उतरल्यासारखा खाली खाली जाणारा. तुमचा बाबा आणि त्याचे मित्र लहानपणी त्यांच्याभोवती कोंडाळं करून बसत. ही मुलं उत्तरं डचमध्ये द्यायची, पण भ्यायची मात्र मराठीत. काकांनी कोकणातली भुतं इथल्या हवेला बेतून घेतली होती. "इथली भुतं शिस्तीची, वहिनी. अपॉइंटमेंट घेतल्याशिवाय झपाटत नाहीत," असं ते मला गंभीरपणे सांगत. त्यांची एक हडळ सायकलवर होती. तिचे पाय उलटे, आणि इथल्या सायकलींना पायडल उलटं मारलं की ब्रेक लागतो. म्हणून ती बिचारी गेली कित्येक वर्षं पुलाच्या अलीकडेच अडकली होती. तो पूल ओलांडताना मी आजही मागे बघत नाही.

तुमच्या बाबाने मला पहिला स्मार्टफोन घेऊन दिला, त्या वर्षी हा आवाज बसला. काका म्हणाले, सर्दी. दोन महिने टिकलेली सर्दी पाहून मी त्यांना हाउसआर्ट्सकडे, म्हणजे आमच्या वस्तीतल्या नेहमीच्या डॉक्टरकडे, ओढत नेलं. तिथून मोठं हॉस्पिटल. स्वरतंतूवर लहानसा कॅन्सर निघाला. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सांगितलं की आठवड्यातले पाच दिवस, असे सहा आठवडे किरणं द्यायची. देताना काही दुखणार नाही. पण दोन-तीन आठवड्यांनी घसा सोलवटेल, मानेची कातडी लाल होईल, थकवा येईल, आवाज जाईल. मध्ये खाडे मात्र करायचे नाहीत. "आवाज परत येईल?" काकांनी विचारलं. "बहुतेक येईल. तसाच येईल असं वचन मी देत नाही." 

आधी मुखवटा करतात. गरम, ओलसर प्लास्टिकचं जाळीदार पान चेहऱ्यावर आणि खांद्यांवर दाबून बसवतात. काही मिनिटांत ते कडक होतं. रोज त्याच मुखवट्याने डोकं टेबलाला पक्कं करायचं, म्हणजे किरणं नेमकी तिथेच पडतात. काका बाहेर आले ते गालावर जाळीचे वळ घेऊन. "त्यांनी माझं भूत तयार केलंय, वहिनी. नाव लिहून कपाटात ठेवलं." मी डोकावले तर खरंच फळीवर ओळीने पांढरे चेहरे, एकालाही डोळे नसलेले.

उपचार देणाऱ्या लांब वेणीच्या मुलीने सांगितलं की हवं ते संगीत आणा, आत लावू. काकांनी उपचार सुरू व्हायच्या आधीच, होत्या त्या आवाजात, माझ्या फोनवर एक लांबलचक गोष्ट भरून ठेवली. कालव्याकाठच्या एका घराची. रोज दुपारी चार वाजता तिथे दार वाजतं.

पहिल्या दिवशी मला बाहेरच्या पडद्यावर बघू दिलं. काकांना झोपवलं, मुखवटा कट् कट् करून आवळला, भिंतींतून नेम धरायच्या उजेडाच्या हिरव्या रेघा त्यांच्या अंगावर आल्या. मग सगळे बाहेर निघून आले आणि ते भलंमोठं जाड दार बंद झालं. वर लाल दिवा लागला. आत एकटे काका. ते यंत्र त्यांच्याभोवती घुं घुं करत फिरत होतं. हात वर केला की थांबवू, असं सांगितलेलं, पण हात हलला नाही. ओठ जाळीखाली मिटलेले, आणि त्याच खोलीतून त्यांचा आवाज येत होता, "तिने विचारलं, कोण आहे?" पडद्यावरचा माणूस तोंड न उघडता बोलत होता. वेणीवाली मुलगी कुजबुजली, "मला एक शब्द कळत नाही, पण माझ्या मानेवर कोणीतरी फुंकर घालतंय." गोष्टीत कोणीतरी दार वाजवतंय, एवढं मी तिला सांगितलं. दहा-बारा मिनिटांत सगळं आटोपलं. तिने दार उघडताच विचारलं, "मग कोण होतं?" काका म्हणाले, "उद्या."

किरणं अंगात साठत नाहीत, हे मी तीनदा सांगितलं. तरी बसमध्ये काका माझ्यापासून दोन सीट लांब. "झपाटलेला माणूस आहे, लांब बसा." तिसऱ्या आठवड्यात पेज आणि दहीभातही गिळवेना. चौथ्यात आवाज गेला. पाचव्यात फोनमधली गोष्ट संपली. दुसऱ्या दिवशी मी त्यांच्या दाराशी गेले तर काकांनी चपलाही घातल्या नव्हत्या. वहीत लिहून दाखवलं, 'पुरे. त्या खोलीत आता कोणी नाही.'

मला गोष्ट सांगता येत नाही. पण मी म्हटलं, "पुढचं लिहा, मी वाचते." त्यांनी स्वयंपाकघरातच, दाराशी आलेल्या हडळीची, चार पानं खरडली. मी फोनसमोर ताठ बसून वाचली आणि आम्ही पुढची बस पकडली. पडद्यावर काकांचं पोट गदागदा हलू लागलं. यंत्र थांबवून वेणीवाली आत धावली. नंतर वहीत उत्तर मिळालं, 'तुमची हडळ सोसायटीच्या मीटिंगचा वृत्तांत देते.' उरलेले सगळे दिवस मी वाचत राहिले, ते वहीत चारचं दार वाजवत राहिले, एकही खाडा झाला नाही.

उपचार संपल्यावरचे दोन आठवडे सर्वांत वाईट गेले, मग घसा हळूहळू निवळला. तपासणीत कॅन्सर दिसेना. आवाजाचं मात्र कोणी विचारत नसे, काकाही लिहूनच बोलत.

वसंतात एकदा फोन वाजला. पलीकडे नुसता श्वास. मग कोणी अनोळखी माणूस, भेगाळलेल्या, पातळ आवाजात म्हणाला, "वहिनी." मी घाबरून विचारलं, "कोण बोलतंय?" "खरं सांगू? मलाही हा माणूस माहीत नाही. आज सकाळी चहा पिताना घरात बोलायला लागला. पण त्याला माझ्या सगळ्या गोष्टी येतात."

मला रडू येईल असं वाटलं, म्हणून मी जरा कडक आवाजातच म्हटलं, "मग त्याला म्हणावं, एखादी सांग." आणि गॅस बंद करून, स्टूल ओढून, त्या नव्या माणसाचं ऐकत बसले.