आमच्या गावात कुणी बेजार न्हाई

माझ्या माहेरच्या गावाला एके काळी असं वाटत होतं की मी सलग दीड वर्ष गरोदर आहे. ह्यात माझा काहीही दोष नाही आणि माझ्या नवऱ्याचाही नाही. दोष आईचा होता, आणि थोडा आमच्या गावात नसलेल्या दवाखान्याचा.

आमचं गाव नांदेडहून देगलूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर, नायगाव सोडल्यावर लागतं. मी लहान होते तेव्हा तिथं एक हॉटेल आणि एक पंक्चरचं दुकान होतं. आता मोबाइलची दुकानं मोजायची सोय राहिली नाही. तीन मजली मंगल कार्यालयं झाली, कोचिंग क्लास झाले, केक मिळायला लागला. पण तापाच्या पलीकडे काही झालं की काळीपिवळी जीपमध्ये बसून नांदेड गाठावं लागायचं. गावात एक आरोग्य केंद्र होतं. तिथल्या गोळ्या गुणकारी होत्या, पण त्यांचा रंग एकच होता, त्यामुळे लोकांचा विश्वास बसत नव्हता.

आईच्या दोन्ही किडन्यांनी काम थांबवलं तेव्हा नांदेडच्या डॉक्टरांनी सांगितलं, आठवड्यातून दोनदा डायलिसिस, कायमचं. मी रडले. आईनं डोळ्यांना पदरही लावला नाही. बाहेर येऊन चप्पल घालता घालता म्हणाली, "गावात कुणाला सांगू नकोस."

कारण माझा भाऊ. त्याचं लग्न व्हायचं होतं. वडील गेल्यापासून शेती तोच बघत होता. पोरगा निर्व्यसनी, दिसायला बरा, पण नोकरी नाही. आमच्याकडे हल्ली नोकरी नसलेल्या पोराला मुलगी मिळणं म्हणजे काय असतं ते ज्याच्या घरात असा पोरगा आहे त्यालाच विचारावं. त्यात सासू अशी आजारी म्हटल्यावर संपलंच. "कोण देईल पोरगी? आल्या दिवसापासून माझं करायला?" आई म्हणाली. मी म्हटलं, हे लपतं का कुठं? ती म्हणाली, "लपवलं की लपतंय."

म्हणून दर मंगळवारी आणि शुक्रवारी आई सकाळी पिशवी घेऊन निघायची आणि भेटेल त्याला सांगायची, "नांदेडला लेकीकडं चालले." हातातल्या शिरेवर ऑपरेशन करून सुई टोचायची जागा केली होती, ती फुगून दिसायची. म्हणून तिनं लांब बाह्यांचे ब्लाउज शिवून घेतले. बायकांना वाटलं, नांदेडच्या लेकीनं म्हातारीला फॅशन शिकवली.

पण आई आठवड्यातून दोनदा लेकीकडं जाते म्हटल्यावर गाव गप्प बसेल कसं? पहिल्यांदा ठरलं की मला दिवस गेलेत. शेजारच्या मावशीनं डिंकाचे लाडू पाठवले. मी ते खाल्ले, उगाच खोटं कशाला बोलू. दीड वर्ष सरलं, बाळ काही येईना, तेव्हा गावानं मत बदललं. आता ठरलं की मला सासरी त्रास आहे आणि आई समजूत घालायला जाते. दवाखाना कृती समितीच्या अध्यक्षांनी तर भावाला बाजूला घेऊन सांगितलं, "जावईबापूला समजावायचं असंल तर सांग. चार माणसं घेऊन येतो, जीप माझी." माझा नवरा इतका गरीब माणूस आहे की कामवाली आली तर तो सोफ्यावरून पाय वर घेतो. त्याला हे कळल्यावर तो महिनाभर माहेरच्या गावाचं नाव काढलं की पाणी प्यायला उठायचा.

हे अध्यक्ष म्हणजे गावातले जुने कापड दुकानदार. गावात मोठं हॉस्पिटल आणायचंच असा त्यांनी ध्यास घेतला होता. चौकात त्यांचा हात जोडलेला बॅनर लागला, खाली समितीचे सगळे सदस्य पासपोर्ट फोटोत. निवेदनं झाली, उपोषण झालं (ते सकाळी बसून संध्याकाळी उठायचं होतं), आणि मग एका शुक्रवारी त्यांनी रस्ता रोको केला.

शुक्रवारी. आईची काळीपिवळी गावाच्या चौकातच अडकली. मला तिचा फोन आला, पदराआडून बोलत असावी. "आज उशीर हुईल. दवाखान्यासाठी रस्ता अडवलाय, म्हणून दवाखान्यात येता येईना झालंय."

"आई, उतर आणि सांग त्यांना!"

"गप. अध्यक्षच हायत समोर."

पुढचं मला भावानं सांगितलं. अध्यक्षांनी आईला ओळखलं. "काकू, तुम्ही गाडीत कशाला बसून राहिलाव? आपल्याच गावचं आंदोलन हाय की. लेक काय पळून चालली का?" तिला खाली उतरवलं, हातात फलक दिला आणि बायकांत सगळ्यात पुढं बसवलं. पुढच्या आठवड्यात पेपरात फोटो आला. 'रुग्णालय झालेच पाहिजे' असा फलक धरलेली आई, तोंड उघडं, घोषणा देतेय. फोटोत ती फार रागावलेली दिसते. बाकीच्या सगळ्यांचा राग आंदोलनापुरता होता, तिचा खरा होता.

इकडे त्या शुक्रवारी नांदेडात तिचा मशीनवरचा नंबर दुसऱ्याला गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीनवर घेतलं तोवर तिचे पाय सुजले होते आणि बोलताना मध्येच दम लागत होता. मी तिच्या उशाशी बसून तिला इतकं बोलले की नर्सनं मला बाहेर काढलं. मला भीती वाटली होती, दुसरं काही नाही. भीती वाटली की मला ओरडायला येतं.

आंदोलनाचा उपयोग झाला. वरून एक मोठे साहेब गाव बघायला येणार असं कळलं. जागा बघणार, लोकांशी बोलणार आणि मग ठरवणार. शेजारच्या गावानंही हॉस्पिटल मागितलं होतं, त्यामुळे चुरस होती. आईनं मला निरोप धाडला, "त्या दिवशी तू बी ये. सगळ्यांपुढनं दोनदा हिंड. लोकांना दिसू दे तुला काही झालेलं न्हाई." मी गेले.

गाव ओळखू येत नव्हतं. आमच्याकडे पाहुणा आला की दुखणं सांगायचं नसतं. घरात कुणी बेजार असला, तापानं फणफणत असला तरी "कसं काय?" ला "बरं हाय" हेच उत्तर, आणि वर चहा. मुलगी बघायला आल्यावर तर घरातला खोकणारा माणूससुद्धा शेजारी नेऊन बसवतात. अध्यक्षांनी साहेबांचा दौरा नेमका तसाच आखला होता. गटारांवर पावडर टाकली, आरोग्य केंद्राला रंग मारला, मंगल कार्यालयातून सोफे आणले. दम्याचे सगळे म्हातारे मागच्या रांगेत बसवले आणि त्यांना सांगून ठेवलं, साहेब बोलत असताना खोकायचं नाही. मी अध्यक्षांना विचारलं, "काका, अहो दवाखाना मागायचाय ना? मग आजारी माणसं पुढं नको का बसवायला?"

त्यांनी माझ्याकडे कीव करून पाहिलं. "ताई, पाहुण्यापुढं रडगाणं गायचं नसतंय. साहेबाला वाटलं पायजे, ह्या गावाला शोभून दिसंल. भिकारी गाव म्हणून कोण देतंय?" मग जरा आवाज खाली करून म्हणाले, "तुमचं बरं चाललंय ना घरी?"

साहेब आले. फेटा बांधला, शाल घातली, नारळ दिला, दुसऱ्या गटानं दुसरी शाल घातली. उन्हाळा होता. साहेब घामानं निथळत होते, पण माणूस सभ्य, काढायचं धाडस करत नव्हते. शेवटी ते माईक घेऊन म्हणाले, "मला तुमच्याशी बोलायचंय. काय काय त्रास आहे लोकांना?"

मग पहिल्या रांगेतला एक जण उठला. "काही त्रास न्हाई साहेब. तुमच्या कृपेनं बरं हाय."

"तुमचं?"

"मजेत, साहेब."

"आजी, तुमची तब्येत?"

"लई चांगली."

साहेबांनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष अभिमानानं उभे राहिले. "साहेब, आमच्या इथलं पाणीच असं हाय. आमच्या गावात कुणी बेजार न्हाई."

टाळ्या पडल्या. मागच्या रांगेतल्या एका म्हाताऱ्यानं टाळ्यांच्या आवाजात पोटभर खोकून घेतलं.

साहेब हसले. "मग हॉस्पिटल कशाला पाहिजे तुम्हाला?"

अध्यक्षांना हा प्रश्न येईल असं वाटलंच नव्हतं. ते एकदा फेट्याकडे आणि एकदा नारळाकडे बघत राहिले. साहेब समजुतीच्या सुरात सांगू लागले की नुसती इमारत बांधून भागत नाही, गरज बघून खाटा आणि मशीन द्यावी लागतात. शेजारच्या गावानं डायलिसिसची मागणी केलीय, त्यांच्याकडे पेशंट आहेत. "तुमच्यात कुणी आहे का डायलिसिसवर?"

"न्हाई न्हाई," अध्यक्ष घाईनं म्हणाले. "असलं आमच्यात काही न्हाई."

साहेबांनी मान हलवली आणि शाल सावरत उठायला लागले.

आई माझ्याशेजारी दाराजवळ उभी होती, हातात ओवाळायचं ताट. भावासाठी जळकोटचं एक स्थळ आलं होतं, ते लोक त्याच आठवड्यात घर बघायला यायचे होते. मुलगी चांगली होती, भावाच्या मोबाइलमध्ये तिचा फोटो होता आणि तो दिवसातून कितीदा बघायचा हे मला माहीत होतं. आईलाही माहीत होतं. तिनं सभेत लांब उभ्या असलेल्या भावाकडे एकदा पाहिलं. मग ताट माझ्या हातात दिलं.

"साहेब, बसा जरा," ती म्हणाली. "मी हाय."

"काय आहात, आई?"

"त्या मशीनवर. दर मंगळवार, शुक्रवार." ती पुढं गेली आणि तिनं बाही वर सारली. "हात लावा. भिऊ नका, घरघर करतंय ते."

साहेबांनी तिच्या दंडावर बोटं ठेवली. फुगलेल्या शिरेतून रक्त पळताना बोटांना थरथर लागते, मला ती माहीत होती. साहेबांनी बोटं लगेच काढली नाहीत. आई म्हणाली, "त्या दिवशी ह्यांनी रस्ता अडवला तवा मी मेलेच असते साहेब. आन् ह्यांचंच खरं होतं, म्हणून बसले घोषणा देत."

शेजारच्या मावशीनं कपाळाला हात लावला. "अगं माय! म्हणजे बाळंतपण न्हाईच व्हय?"

आणि मग एकदम फुटलंच. मागून एक जण ओरडला, "साहेब, मला शुगर हाय, पाचशे!" दुसरा म्हणाला, त्याला सहाशे आहे. म्हातारे मनसोक्त खोकायला लागले. आत्ताच मजेत असलेला पहिल्या रांगेतला माणूस मुतखड्याचं सांगता सांगता रडकुंडीला आला. "लई चांगली" असलेल्या आजीनं दोन्ही गुडघे उघडे करून साहेबांसमोर ठेवले. शेवटी अध्यक्षांनी माईक हातात घेतला. सगळ्यांना वाटलं, गप्प करतील. त्यांनी शर्टाची वरची दोन बटणं काढली आणि छातीवरचा लांब व्रण दाखवला.

"मी मागं तिरुपतीला गेलो म्हणलो होतो," ते म्हणाले. "न्हाई गेलो. हैदराबादला छाती उघडली."

"मग टक्कल?" कुणीतरी विचारलं.

"ते येताना वाटंत केलं."

साहेबांनी दोन्ही शाली काढून खुर्चीवर ठेवल्या आणि पुन्हा खाली बसले. त्या दिवशी ते जेवायलासुद्धा थांबले.

जळकोटचे पाहुणे घर बघायला आले नाहीत. "बघतो, कळवतो," असा फोन आला, आणि आमच्याकडे त्याचा अर्थ लहान पोरालाही कळतो. भावानं मोबाइलमधला फोटो मात्र बरेच दिवस काढला नव्हता. आई त्याच्यासमोर जेवायला बसेनाशी झाली होती. मग एक दिवस तोच तिचं ताट वाढून तिच्यापुढं घेऊन बसला. पुढं त्याचं लग्न उमरीच्या मुलीशी झालं. मुलीच्या वडिलांनी आमची शेती धड बघितलीही नाही. त्यांनी विचारलं, "गावात मोठा दवाखाना व्हायलाय म्हणे?"

झाला. व्हायला वेळ लागला, मध्ये समितीत फूट पडून दोन समित्या झाल्या, बॅनरवर फोटो कुणाचा वर घ्यायचा ह्यावरून काम अडलं, पण झाला. डायलिसिसच्या मशीनही आल्या. पहिल्या दिवशी आईला बघायला सगळं गाव फळं घेऊन लोटलं. वॉर्डात केळ्यांचा ढीग झाला, त्यातलं एकही तिला पथ्यामुळे चालत नव्हतं. चार तास सगळे तिच्याशी बोलत राहिले. मला रात्री फोनवर म्हणाली, "नांदेडात निदान झोप तरी लागायची गं." पण आवाजात इतकी खूश होती की मला हसू आलं.

त्यानंतरच्या शुक्रवारी मी सवयीनं सकाळी लवकर उठले. बिनमिठाची भाजी वेगळी काढली, दवाखान्यातून माझ्याकडे आल्यावर ती ज्या खाटेवर पडायची तिच्यावर धुतलेली चादर घातली. चादरीचं टोक खोचताना लक्षात आलं की कुणी येणार नाही. इतकी वर्षं ती खाटेवर पडून मला नावं ठेवायची, माझ्या चहात साखर जास्त, माझी पोरं हट्टी, आणि मी भांडी आपटत तिला उलट बोलायचे. त्या दवाखान्यासाठी माझ्याइतके नवस कुणी बोललं नसेल. मी खाटेवर बसून तिला फोन लावला आणि विचारलं, "आई, आता कधी येशील?"

"आता कशाला?" ती म्हणाली. "सगळं हितंच हाय की."

मी बरं म्हटलं. मग ती पलीकडून म्हणाली, "चहात साखर कमी घाल गं," आणि मी फोन ठेवला नाही.