बाबांची टाच

टोकियोत, भारतीयांची वस्ती असलेल्या निशी-कसाईत असताना डॉक्टर कधी शोधावा लागला नाही. शेजारणीला विचारलं की काम व्हायचं. मग कंपनीने मला डोंगराकडच्या एका छोट्या गावातल्या कारखान्यात पाठवलं. तिथे मराठी सोडाच, हिंदी बोलणारंही कुणी नव्हतं. आई गेल्यावर एकटे पडलेले बाबा त्याच वर्षी माझ्याकडे राहायला आले. त्यांना जुना मधुमेह. नव्या बुटांनी त्यांची टाच सोलली आणि ते काही बोलले नाहीत. रक्ताने चिकटलेला मोजा दिसला तेव्हा मला कळलं.

मोठं हॉस्पिटल ट्रेनने बरंच लांब होतं. कोपऱ्यावरच्या कोनबिनीत, म्हणजे चोवीस तास उघड्या दुकानात, मी काउंटरवरच्या बाईंना विचारलं. गावातल्या दवाखान्यात डॉक्टर अधूनमधूनच येतात, पण नर्स रोज असते आणि सगळे आधी तिच्याकडेच जातात, असं त्यांनी सांगितलं.

नर्स ठेंगणी, पांढऱ्या केसांची होती. तिने टबात कोमट पाणी आणलं, बाबांसमोर गुडघे टेकले आणि पाय धरायला हात पुढे केला. बाबांनी पाय मागे घेतला.

"वयाने मोठ्या बाईने माझ्या पायाला हात लावायचा नाही," ते मला म्हणाले.

मी समजावलं, मग थोडी चिडलेही. ते भिंतीकडे बघत बसले. शेवटी मी नर्सला खरं कारण सांगितलं. तिने बाबांचं वय विचारलं आणि ते ऐकून म्हणाली,

"त्यांना सांगा, मी त्यांच्याहून एका वर्षाने लहान आहे."

मी सांगितलं. बाबांनी तिच्याकडे नीट पाहिलं आणि पाय पुढे केला.

जखम धुऊन झाल्यावर तिने डॉक्टरांना फोन करून औषध विचारलं, आणि एक दिवसाआड यायला सांगितलं. बाबा जाऊ लागले, पुढे पुढे एकटेच. दोघांना एकमेकांचं बोलणं कळत नसे, तरी परत यायला ते वेळ लावत. टाच हळूहळू भरून आली.

एकदा जेवताना बाबा म्हणाले, "ती खोटं बोलली होती. मोठीच आहे ती."

मग पाय का पुढे केलात, असं मी विचारलं.

"खोटं बोलायची वेळ आणली मी तिच्यावर. आणखी किती ताणायचं?"

थंडी सुरू व्हायच्या आत ते पुण्याला परतले. निघण्याआधी दवाखान्यात जाऊन आले. मी ऑफिसात होते, त्यामुळे तिथे काय झालं ते मला माहीत नाही. सध्या माझं ब्लड प्रेशर तीच बघते.