थुंकण्याचा पगार

मला कधीही क्षय झालेला नाही. तरी एका दुपारी माझ्या आईनं तो मला चिकटवण्यासाठी जिवाचा आटापिटा केला.

एकाहत्तरच्या सुमाराची गोष्ट. देवळाली प्रवराजवळच्या आमच्या वस्तीवरचा मी पहिला बी.एस्सी. (कोणी विचारलं नाही तरी हे मी सांगत असे.) एका साखर कारखान्याच्या डिस्टिलरीत, प्रयोगशाळेत लागलो होतो. साहेबांनी काळ्या द्राक्षांची वाईन करून पाहिली होती. शनिवारी त्यांनी एक बाटली माझ्या हातात ठेवली आणि सोमवारी मत सांग म्हणाले. उजेडात रंग बघायचा, वास घ्यायचा, घोट तोंडात घोळवायचा आणि थुंकायचा.

घर माळकरी. पण गिळलीच नाही तर माळेला बाध कसला, असा मी शास्त्रीय विचार केला. नेमके त्याच रविवारी राहात्याचे पाहुणे मला पाहायला येणार होते. मुलीचा फोटो चोरून पाहिल्यापासून मला एका जागी बसवत नव्हतं. ओटा, विहीर, अंगण, पुन्हा ओटा. शेवटी आई वैतागली, "आरं, घान्याच्या बैलावानी फिरू नगंस. कुठंतरी गप बस जा."

म्हणून मी बाटली आणि थुंकायला एक थाळी घेऊन गोठ्यामागं जाऊन बसलो. तिकडं कोण येतंय! (आमच्याकडं मुलीचा बाप आधी मुलगा पाहत नाही, गोठा पाहतो, हे बी.एस्सी.ला शिकवत नाहीत.)

वाईन कोवळी होती. कडेला जांभळट, अंगानं दाट, आणि तुरट तर अशी की जिभेवर बाभळीची साल घासावी. एका घोटात मत ठरेना. दुसरा घेतला, थुंकलो. तुरट जास्त की बेताची? तिसरा घेतला. इनॅमलची पांढरी थाळी लालभडक झाली. ती तोंडासमोर धरून मी निरखत होतो, एवढ्यात गाईच्या पाठीवरून हात फिरवत पाहुणे मागच्या बाजूला आले.

त्यांनी माझ्या ओठांकडं पाहिलं, थाळीकडं पाहिलं आणि उपरण्याचं टोक नाकाला लावलं. बाटली मी कडब्याखाली सारली, पण मागून आलेल्या आई-आण्णांना वास लागलाच.

"पोराला कदीपासून हाय ह्ये?" पाहुण्यांनी हळूच विचारलं.

आईनं क्षणभरच विचार केला. दुखणेकरी बरा होतो, दारुड्याला कोण मुलगी देणार?

"झाला हुता थोडा. आता इंजेक्शनं चालू हायेत," ती म्हणाली. जन्मात खोटं न बोललेले आण्णा तर डॉक्टरच्या हातगुणाचं कौतुकच करू लागले.

इथं माझं शिक्षण आडवं आलं. मी बाटली बाहेर काढली आणि ठणकावून सांगितलं, क्षय नाही, वाईन आहे. ती मी पीत नाही, थुंकतो, आणि त्याचाच मला पगार मिळतो.

पाहुण्यांनी उपरण्याचं टोक नाकावरून काढलं. मग आण्णांकडं वळले.

"क्षय आसता तर बरा झाल्यावर बगितलं आसतं, पाव्हणं. थुंकायच्या पगारावर पोरगी कशी द्यावी? बरं, त्यो वैरन टाकतोय, त्यो कोन?"

तो माझा धाकटा भाऊ. मॅट्रिक नापास.

थोरल्याच्या आधी धाकट्याचं कसं, म्हणून भावकी कुरकुरली, पण लग्न झालं. अक्षता टाकतानाही त्याचे सासरे माझ्या तोंडाकडंच बघत होते. जेवणं उरकल्यावर त्यांनी सगळ्या वऱ्हाडाला विडे वाटले. माझ्यापाशी आले, थबकले आणि माझ्या हातावर बडीशेप ठेवून पुढं गेले.