समासातली पेन्सिल

कचेरीबाहेर टेबल मांडून लोकांचे अर्ज लिहिता लिहिता सत्तावीस वर्षे झाली. हल्ली शनिवारी दुपारनंतर बोटे चालेनाशी होतात. तेव्हा मी जुन्या पुस्तकांच्या दुकानात जाऊन बसतो. तेथे कोणी घाई करीत नाही. पुस्तक कोठेही उघडावे, अर्पणपत्रिका वाचावी, आत राहिलेले एखादे बसचे तिकीट पाहून पुन्हा तेथेच ठेवावे. असा विसावा मला अन्यत्र ठाऊक नाही.

दुकानदार गुजराती. मराठी त्याला बोलता येते, वाचता येत नाही. म्हणून मराठी घरांतून आलेल्या गोण्या तो माझ्यापुढे ओतीत असे. कोणते पुस्तक ठेवण्याजोगे आणि कोणते पस्तीत, म्हणजे रद्दीत, द्यायचे, हे मी ठरवीत असे. तो मला वकीलसाहेब म्हणतो. मी त्याची चूक कधी सुधारली नाही.

एका शनिवारी जवळच्या करजण गावाहून एक निवृत्त शिक्षिका आल्या. त्यांच्या भावाने शहरातल्या हरणी भागातले घर रिकामे करताना वडिलांची पुस्तके येथे दिली होती. त्यांना एकच हवे होते: जाड, तर्कशास्त्राचे, समासात वडिलांनी पेन्सिलीने लिहिलेले.

दुकानदार माझ्याकडे पाहू लागला. ते पुस्तक आदल्याच आठवड्यात पस्तीत गेले, असे त्याने त्यांना हळूच सांगितले.

"पस्तीत कोणी टाकलं?" त्यांनी विचारले.

"मी," मी म्हणालो. "तीन पानं वाचली, काही कळलं नाही. माझं शिक्षण नववीपर्यंत आहे, बाई."

हे वाक्य त्या दुकानात मी प्रथमच उच्चारले. त्या रागावल्या नाहीत, स्टुलावर बसल्या. मग म्हणाल्या, "समासातलं वाचलंत का?"

ते मात्र मी सगळे वाचले होते. दुसऱ्याचे हस्ताक्षर दिसले की मला राहवत नाही. बहुतेक टिपणे शास्त्राचीच होती. मी त्यांना सांगितले, एके ठिकाणी लिहिले होते: 'येथे थांबलो. धाकटीला ताप. उद्या पुढे.'

"धाकटी मी," त्या म्हणाल्या, आणि त्यांनी ते टिपण लिहून मागितले. मी अर्जाचा कागद काढला. सवयीने वर 'प्रति' लिहिले गेले. तो बाजूला सारून दुसरा घेतला. त्यांनी घडी पर्समध्ये ठेवली आणि बस गाठायला निघाल्या.

दुकानदाराने नवी गोणी ओतली. मी त्याला सांगितले की, यापुढे मला जे कळणार नाही, ते सर्व ठेवावे.

"मग तर दुसरं दुकान घ्यावं लागेल, वकीलसाहेब."

 मी वरचे पुस्तक उचलून उघडले.