तार्तू, मुलुंड पूर्व

सोसायटीच्या गणपतीचे किस्से कुणी मुद्दाम जमवत नाही. माळ्यावरच्या सामानासारखे ते आपोआप साठतात. एक काढायला जावं तर मागचे चार अंगावर येतात. आमच्या मुलुंडच्या सोसायटीत मी माईकवाली. आरतीची वेळ, हरवलेली चप्पल, दुसऱ्याच्या जागेत लावलेली स्कूटर, सगळं माझ्याच तोंडून जाहीर होतं. त्यामुळे किस्से आधी माझ्याकडे येतात. काही माझ्यामुळेच घडतात, कारण माईक बंद करायचं माझ्या लक्षात राहत नाही आणि स्पीकर सगळे गेटकडे तोंड करून, म्हणून माझं मला ऐकूही येत नाही. एकदा मी बहिणीला फोनवर सांगत होते, "आज प्रसाद अध्यक्षांच्या घरचा आहे, दात सांभाळ." ते अध्यक्षांसकट तिन्ही विंगांनी ऐकलं. तेव्हापासून देशपांडेअण्णा, म्हणजे आमचे अध्यक्ष, मंडपात आले की आधी माझ्या माईकच्या बटणाकडे बघतात.

पण गेल्या वर्षीचे किस्से खासच. गेल्या वर्षी आम्ही एस्टोनिया देशातलं तार्तू नावाचं गाव मुलुंडला आणलं.

*

त्याचं असं झालं. आमचा देखावा दरवर्षी सावंतकाका करतात. कारखान्यात इलेक्ट्रिशियन होते, रिटायर झाले, पण हात अजून गप्प बसत नाहीत. त्यांची असिस्टंट म्हणजे त्यांची एकुलती एक लेक, तन्वी. फ्रॉकमध्ये होती तेव्हापासून ती बापाला पक्कड, टेप आणि बल्ब पुरवत आली. त्याच्या आदल्या वर्षी विसर्जन झालं आणि ती पुढचं शिकायला तार्तूच्या विद्यापीठात गेली. काकांना ते अजिबात पसंत नव्हतं. "जगात एवढी विद्यापीठं पडलीत, तुला नकाशात शोधावं लागतं तेच मिळालं?" एवढं बोलून त्यांनी तोंड मिटलं ते मिटलंच. तिचा फोन आला की, "बरी आहेस ना? आईला देतो." खलास.

गणपतीच्या मीटिंगमध्ये काका म्हणाले, "यंदा देखावा नाही. मागे पडदा लावा, बास."

कारण सगळ्यांना माहीत होतं. सगळे सावंतकाकूंकडे बघायला लागले. काकू मालवणच्या, आडपडदा नाही. म्हणाल्या, "माझ्याकडे कित्याक बघतास? तेंका विचारा."

मी आपली सहज बोलून गेले, "काका, तन्वी राहते ते गावच करूया ना."

काकांनी माझ्याकडे असं बघितलं की मला वाटलं, झालं, वाट लागली. मग चष्मा पुसता पुसता म्हणाले, "फोटो आहेत का कुणाकडे?"

फोटो फक्त तन्वीकडे होते. म्हणजे फोन करणं आलंच. त्या रात्रीचा बाप-लेकीचा फोन म्हणे संपता संपेना, आणि विषय एकच, टाउन हॉलच्या खिडक्या. दुसऱ्या दिवशी काकू मला जिन्यात गाठून म्हणाल्या, "खिडक्यांवर इतक्या बोलणा मी जन्मात आयकूक नाय." बोलताना त्यांचे डोळे भरले होते. मला तर तेव्हाच देखावा स्पर्धेत पहिला आल्यासारखं वाटलं.

*

तार्तू हे विद्यार्थ्यांचं गाव. तिथे टाउन हॉलसमोरच्या चौकात एक कारंजं आहे. कारंज्यात एक मुलगा आणि एक मुलगी छत्रीखाली उभी आहेत. छत्रीवरून पाणी ओघळतंय आणि खाली ती दोघं चुंबन घेतायत. गावाची खूणच ती.

अण्णा म्हणाले, "गणपतीसमोर हे? जमणार नाही."

काका हट्टाला पेटले. "जे आहे ते आहे, अण्णा. माझी पोरगी रोज तिथून जाते-येते." आणि मग स्वतःच थांबून, जरा विचार करून म्हणाले, "रोज?"

शेवटी तोडगा निघाला की छत्री खाली ओढायची. पाय दिसतील, कंबर दिसेल, चेहरे छत्रीच्या आत. अण्णा खूश.

परिणाम असा झाला की मंडपात येणारा प्रत्येक माणूस कारंज्यापाशी वाकायला लागला. पोरं वाकली, त्यांचे आईबाप वाकले, गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या कुलकर्णीआजी दोघांचा आधार घेऊन वाकल्या. गणपतीला एवढं वाकून कुणी नमस्कार केलेला मी पाहिला नाही. एका दुपारी मंडप रिकामा होता. अण्णांनी इकडेतिकडे पाहिलं आणि हळूच तेही वाकले.

 मी नुसती खाकरले. माईक चालू होता.

*

त्याच चौकाच्या कोपऱ्यावर एक तिरकं घर आहे. त्याची एक बाजू गावाच्या जुन्या तटबंदीवर उभी आहे आणि दुसरी लाकडी खुंटांवर. पुढे लाकूड खचलं आणि घर एका अंगाला कललं ते कललंच. आता त्यात चित्रांचं म्युझियम आहे.

आमचं प्लायवूडचं कटिंग साकीनाक्याच्या एका गाळ्यात होतं. मालक यादवजी, कामाला एकदम चोख. टेम्पो आला, घर उतरवलं, आणि काकांचा चेहरा पडला. घर पट्टीने आखल्यासारखं सरळ!

"यादवजी, ये तो तिरछा था ना?"

"हां, फोटो टेढ़ा आया था," यादवजी समाधानाने म्हणाले. "किसी ने मोबाइल तिरछा पकड़ा होगा. हमने सीधा कर दिया."

काकांनी फोटोतली बाजूची घरं दाखवली. ती सरळ होती. यादवजींनी फोटो बराच वेळ न्याहाळला आणि गंभीरपणे म्हणाले, "फिर तो साब, उधर के लोगों को बोलो, खाली करें."

मग काकांनी एका बाजूला वीट सरकवून घर तिरकं केलं. दुसऱ्या दिवशी सकाळी घर सरळ. पुन्हा वीट लावली. पुन्हा सकाळी सरळ. काकांची चिडचिड बघवेना. शेवटी पाळत ठेवल्यावर बी विंगचे जोशीकाका सापडले. मॉर्निंग वॉकहून येताना रोज वीट काढून ठेवत होते. "मला वाटलं, गर्दीत कुणाचा तरी धक्का लागतो," म्हणाले. "मी आपला सोसायटीसाठी थोडा हातभार लावत होतो."

त्यानंतर काकांनी पाटी लावली. "हे घर तिरकंच आहे. कृपया मदत करू नये."

*

टाउन हॉलवर घड्याळ आहे. तन्वी म्हणाली, विद्यार्थ्यांनी वेळेवर यावं म्हणून ते बसवलं असं तिथे सांगतात. काकांनी टाउन हॉलवर खरंखुरं चालणारं घड्याळ बसवलं आणि त्यात तार्तूची वेळ लावली. म्हणजे आपल्याकडे संध्याकाळचे साडेसात वाजले की घड्याळात पाच.

पहिल्या दिवशी गुरुजी नेहमीप्रमाणे घाईघाईत, घाम पुसत आले. समोर पाच वाजलेले बघून त्यांचा चेहरा उजळला. "आज लवकर पोचलो म्हणायचं," असं म्हणून निवांत बसले आणि चहा मागवला. ए विंगच्या बायका खाली येऊन, घड्याळ बघून, कुकर लावायला परत वर गेल्या. मी माईकवर घसा फोडून साडेसात झाल्याचं सांगत होते आणि लोक मलाच घड्याळ दाखवत होते.

अण्णा काकांवर तापले. "अहो, मुलुंडच्या गणपतीला मुलुंडची वेळ लावा."

"मुलुंडची वेळ माझ्या मनगटावर आहे," काका म्हणाले. "तिथं किती वाजले ते मला दिसायला पाहिजे."

 अण्णांनी घड्याळाखाली "आरती साडेसातला, म्हणजे इथल्या पाचला, म्हणजे तिथल्या साडेसातला नव्हे" असा काहीतरी बोर्ड लिहायला घेतला, तो त्यांनाच कळेना, म्हणून टाकून दिला.

*

तार्तूच्या टेकडीवर एक प्रचंड जुनं चर्च आहे. लढाया झाल्या, आग लागली, छप्पर गेलं, आता उंच विटांच्या भिंती तेवढ्या उभ्या आहेत. पुढे विद्यापीठाने त्याच्या एका भागात लायब्ररी थाटली होती. काकांनी भिंती अशा हुबेहूब केल्या की हात लावून बघावंसं वाटे.

कांदिवलीहून दर्शनाला आलेले एक गृहस्थ त्या भिंतींसमोर थांबले. हळव्या आवाजात म्हणाले, "बिल्डर पळाला ना?"

मी म्हटलं, "नाही हो, हे जुनं चर्च आहे."

"आमचंही जुनंच होतं," ते म्हणाले. "आमची बिल्डिंग पाडली आणि तो गायब."

मागे रांगेत उभे असलेले मुलुंडचेच एक जण पुढे आले. त्यांचीही तीच कथा. दोघं तिथेच खुर्च्या ओढून बसले. दुसऱ्या दिवशी आणखी दोन घरं आली. मग तिथे रोजच संध्याकाळी रीडेव्हलपमेंटमध्ये अडकलेल्या लोकांची बैठक भरायला लागली. गणपती राहिला बाजूला, प्रसाद मात्र त्यांना जागेवर जायचा. त्यातले एक मला म्हणाले, "वहिनी, बिनछपराचं सुद्धा इतकं जपतात, हे बघून बरं वाटतं हो."

अशीच बैठक रंगलेली असताना मला तन्वीचा फोन आला. आवाज बारीक. "काकू, बाबांना सांगू नकोस. इथे मला डॉक्टरेटसाठी थांब म्हणतायत. विसर्जनापर्यंत कळवायचंय."

"डॉक्टरेट?" मी माईकच्या टेबलाशीच बसले होते. "म्हणजे अजून चार वर्षं? अगं मग बाबांना सांग ना!"

"हिंमत होत नाही गं. आत्ता कुठे बोलायला लागलेत. परत गप्प झाले तर?"

 काका समोरच शिडीवर चढून बल्ब बदलत होते. मी म्हटलं, "बरं बाई, मी कुणाला बोलत नाही. पण विसर्जनाच्या आत तुलाच सांगावं लागेल." फोन ठेवला तेव्हा पलीकडची बैठक एकदम शांत झाली होती. मला वाटलं, चहा आला असेल.

*

आता शेवटचं, पुलाचं.

त्या टेकडीवर देवदूतांचा पूल म्हणून एक पूल आहे. श्वास रोखून तो ओलांडायचा आणि मनात काहीतरी मागायचं, अशी तिथली रीत. काय मागितलं ते सांगायचं नाही. काकांनी चार पावलांचा पूल केला, दर्शनाची रांगच त्यावरून नेली. आमच्या मंडपात इतकी शांतता कधी नव्हती. पुलावर आलं की बडबडी माणसंसुद्धा गाल फुगवून गप्प. लग्नाची, व्हिसाची, दहावीची, सगळ्यांची मागणी त्या पुलावरून गेली. फक्त काका गेले नाहीत. "मीच ठोकलाय तो," म्हणायचे. "त्यात देवदूत कुठले? साकीनाक्याचं प्लायवूड आहे."

विसर्जनाचा दिवस उजाडला तरी तन्वीने बापाला काही सांगितलं नव्हतं. मी दहादा मेसेज केला. दुपारी निघायची तयारी चालू असताना काकांच्या फोनवर तिचा व्हिडिओ कॉल आला. ती खऱ्या पुलाच्या तोंडाशी उभी होती. मागे झाडं, वारा, केस तोंडावर.

"बाबा, तुम्ही अजून पूल ओलांडला नाहीत म्हणे. चला, मी इथून निघते, तुम्ही तिथून निघा."

काका काहीतरी पुटपुटले, पण त्यांनी चपला काढल्या.

"आणि बाबा, त्याआधी मला एक सांगायचं होतं..."

"आधी पूल," काका म्हणाले.

दोघं निघाले. काका चार पावलांत पलीकडे पोचले. तन्वीचा पूल खरा, लांबलचक. ती चालतच होती. काका पलीकडे फोन धरून उभे, गाल फुगलेले. अण्णा म्हणाले, "सावंत, पोचलात तुम्ही. श्वास घ्या आता." काकांनी हातानेच गप्प केलं. चेहरा लाल झाला. काकू ओरडल्या, "अहो, सोडा ओ आता!" काका हलेनात. स्क्रीनवर तन्वीचा चेहरा वरखाली होत होता, झाडं मागे सरकत होती, आणि सगळा मंडप बाप्पाकडे पाठ करून त्या फोनकडे बघत होता. श्वास मीही धरला होता, हे मला नंतर कळलं.

शेवटी ती पलीकडे पोचली आणि धापा टाकत हसली. मग काकांनी श्वास सोडला.

"काय मागितलंत, बाबा?"

"सांगायचं नसतं, तूच म्हणालीस." काका अजून दम खात होते. "बरं, ऐक. पुढच्या वर्षी तिथली ती जुनी वेधशाळा करायची. घुमटाचं माप नीट घे. खिडक्यांसारखं अंदाजपंचे पाठवू नको. आणि घाई करू नको, निवांत घे. अजून चार वर्षं आहेस ना तिथं."

तन्वी स्क्रीनवर थिजली. मग रडायला लागली, मग रडता रडता हसायला लागली. काकांनी फोन काकूंकडे दिला आणि गरज नसताना एक बल्ब पिळून घट्ट केला.

मी चक्रावून मंडपात सगळ्यांकडे बघितलं. काकूंकडे, जोशीकाकांकडे, चर्चच्या भिंतीखालच्या बैठकीकडे. एकाच्याही चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं.

अण्णा माझ्या टेबलाकडे बघत होते. माईकच्या बटणाकडे.